विमानाचा गाभा आणि राळ

स्वहस्तें विमान रचण्याचें वेड आपल्या शेजारींच सिद्धीस गेलें, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. कांदिवलींतील चारकोप येथें अमोल यादव ह्या वैमानिकानें इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलें. सन २०१६ च्या फेब्रुवारींत तें मुंबईच्या प्रदर्शनांत ठेवलें होतें, व २०१७ सालीं त्याची सरकारदरबारीं नोंद झाली.

ही हकीकत वर्गांत सांगितली तेव्हां वळ गांवच्या एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, कोळ्यांच्या होड्या ज्या फायबरच्या असतात, त्याच फायबरचें विमान होईल काय? तें स्वस्त पडेल." प्रश्न मार्मिक होता.

कारवीच्या कुडांत काठ्या बळ देतात व माती त्यांस सांधते. तसेंच येथें आहे. कांचेच्या किंवा कार्बनच्या तंतूंचें कापड भार वाहतें, व राळ त्या तंतूंस एकत्र धरिते. ह्या जोडपदार्थास काँपोझिट म्हणतात. होडीस बहुधा पॉलिएस्टर राळ वापरितात. ती खरोखरच स्वस्त असते. परंतु घरीं बांधलेल्या पुष्कळ विमानांच्या पंखांचा गाभा पॉलिस्टायरीनच्या हलक्या फेसाचा असतो, आणि पॉलिएस्टर राळ त्यास विरघळवून टाकिते. एपॉक्सी राळ गाभ्यास अपाय करीत नाहीं, कमी आकसते व अधिक घट्ट धरिते. म्हणून दाम जास्त पडले तरी तीच घ्यावी.

पण उत्तम राळ आणली म्हणजे काम संपलें असें नव्हे. एपॉक्सी व तिचा हार्डनर ठरलेल्या प्रमाणांतच मिसळावे लागतात. लवकर सुकावी म्हणून हार्डनर वाढविला, तर ती कच्चीच राहते. राळ अधिक ओतल्यानें बळ वाढत नाहीं, वजन मात्र वाढतें. आपल्याकडील पावसाळी दमट हवेंत कित्येक एपॉक्सींवर मेणचट पापुद्रा येतो. तो धुऊन न काढल्यास पुढचा थर नीट चिकटत नाहीं. कडक उन्हांत तापून राळ मऊ पडूं नये, म्हणून अशीं विमानें बहुधा पांढरीं रंगवितात.

हे नियम पाळल्यास काय साधतें, तें पाहा. १९८६ च्या डिसेंबरांत 'व्हॉयेजर' ह्या विमानानें वाटेंत इंधन न घेतां नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याचा देह मुख्यतः कार्बनतंतु व एपॉक्सी यांचा होता. बंगळूरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेचें 'हंस' हें काँपोझिट विमान १९९३ सालीं प्रथम उडालें.

एकदां रंग चढला कीं थरांमधील दोष डोळ्यांस दिसत नाहीं. यास्तव दक्ष कारागीर प्रत्येक वेळच्या राळेचा लहानसा नमुना तारीख घालून ठेवितो व दुसऱ्या दिवशीं तो कठीण झाला कीं नाहीं हें तपासतो. कच्चा निघाल्यास त्या राळेनें केलेलें काम, कितीहि श्रम व पैसा खर्चला असला तरी, कापून टाकितो. कारण त्या आसनावर कोणाचा तरी मुलगा बसावयाचा असतो.

पालकसभेच्या दिवशीं त्या विद्यार्थ्याच्या वडिलांस मीं हें सांगितलें. ते वळच्या एका गोदामांत काम करितात. ते म्हणाले, "सर, आमच्याकडेहि खोकीं बाहेरून सारखींच दिसतात. आंत काय भरलें तें भरणारालाच ठाऊक."

विद्यार्थिमित्रहो, बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, असें प्रभूनें शिकविलें आहे. त्या हिशेबांत पैशाबरोबर हें न दिसणारें काम चोख करण्याची तयारीहि धरावी.