कृपया नोंद घ्यावी

गेल्या चैत्रातली गोष्ट. रात्री जेवताना मी सौ.ला म्हणालो, "आमटीत मीठ नसल्याचं निदर्शनास आलं आहे."

विनोद करण्याचा माझा मुळीच इरादा नव्हता. मला खरोखरच मीठ हवं होतं. पण सौ. डाव तसाच हातात धरून थांबली आणि म्हणाली, "अहो, निदान ताटावर तरी माणसासारखं बोला." आमच्या कन्येनं मोबाइलमधून मान वर न काढता पुस्ती जोडली, "बाबा, विहित नमुन्यात अर्ज करा. मीठ मिळून जाईल."

त्या रात्री मला झोप आली नाही. (मीठही शेवटपर्यंत मिळालं नाही, पण ते सोडा.) मी विचार करू लागलो, की आपण असं कधीपासून बोलायला लागलो? कॉलेजात असताना मी बरा बोलत असे. निदान लग्न जमण्याइतपत तरी बोललो असणार. मग बँकेत चिकटलो. बावीस वर्षं झाली. या बावीस वर्षांत मी मन लावून काय वाचलं असेल, तर परिपत्रकं. आहार तसे विचार म्हणतात. वाचन तशी वाचा, हे आमच्या घरात सिद्ध झालं. घरातला गॅस संपला, की मी म्हणतो, "गॅस उपलब्ध नाही." मुलीला सर्दी झाली, की डॉक्टरांना सांगतो, "सदर सर्दी सोमवारपासून प्रलंबित आहे."

काउंटरवर तर रोजचाच प्रकार. परवा एक आजी पासबुक घेऊन आल्या. म्हणाल्या, "बाळा, माझे पैसे का निघत नाहीत?" मी म्हणालो, "केवायसी अद्ययावत नसल्यामुळे खात्यावरील व्यवहार स्थगित आहेत." आजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आता हेच मराठीत सांग."

आता मराठीत म्हणजे कशात?

हा रोग माझ्या एकट्याचा नाही, एवढाच काय तो दिलासा. आमच्या एका मावशीनं तरुणपणी खांडेकर इतके वाचले, की तिच्या घरी दूध उतू गेलं तरी त्यात तिला जीवनाचं काहीतरी दिसायचं. दूध पुसायचं काम काकांकडे. खालच्या मजल्यावरचे एक शेजारी बाबूराव अर्नाळकरांचे भक्त. अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या आणि या गृहस्थांनी त्या बहुतेक सगळ्या पचवल्या असाव्यात, कारण पाण्याचा पंप बिघडला हे सांगायलासुद्धा ते रात्री अकराला दार वाजवतात, जिन्याकडे वळून पाहतात आणि हळूच म्हणतात, "टाकीत काहीतरी घडलंय."

तर सांगायचं म्हणजे, वाचलेलं तोंडात येतं. पण तोंडातलं पुन्हा वाचनात कसं शिरतं, हे मला कळलं ते अण्णांमुळे.

अण्णा म्हणजे माझे वडील. कणकवलीच्या बाजूला पोस्टमन होते. २००७ साली निवृत्त झाले आणि डोंबिवलीला आमच्याकडे आले. आमचे संबंध चांगले आहेत. म्हणजे आम्ही बोलत नाही. ते सकाळी पेपर वाचायचे, मी संध्याकाळी वाचायचो, आणि पेपराची घडी नीट नसली तर त्यावरून जो काही संवाद होईल तेवढा. शिवाय त्यांना वाचनालयाची पुस्तकं लागायची. दोन माणसं एका खोलीत तासन्‌तास गप्प बसण्यासाठी पुस्तकाइतकी सोयीची वस्तू दुसरी नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांना अक्षरं वाकडी दिसू लागली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. बाजूचं दिसेल, नेमकं समोरचं दिसणार नाही. अण्णा म्हणाले, "म्हणजे मी आता बँकेच्या काउंटरवर बसायला लायक झालो."

पेपर बंद झाला. पुस्तकं बंद झाली. मी त्यांना मोबाइलवर पुस्तकं ऐकायची सोय करून दिली. त्यांनी दहा मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "याला मधेच काही विचारलं तर तो थांबतो का?" म्हटलं, नाही. "मग तुझ्यात आणि त्याच्यात फरक काय?" म्हणाले आणि मोबाइल परत दिला.

याचा अर्थ, मी वाचून दाखवावं असा होता. आमच्याकडे मागण्या अशाच केल्या जातात.

पहिल्या दिवशी मी पेपर वाचला. हवामान, पाणीकपात, अग्रलेखाचा अर्धा भाग. चांगला वेग होता. दुपारी चारच्या आत कॅश टॅली करणाऱ्याचा हात आणि जीभ दोन्ही चालतात. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "तू वाचत नाहीस. तू एंट्र्या मारतोस."

"म्हणजे?"

"स्वल्पविराम आला तर थांबावं माणसानं. फुकट मिळतो तो."

खरं तर पूर्वी तो मिळतही नव्हता. आपल्या जुन्या पोथ्यांत विरामचिन्हं नाहीतच, दोन शब्दांत जागासुद्धा सोडलेली नाही. अक्षरांची मालगाडी नुसती चाललेली असते. मराठीत ही चिन्हं एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी या इंग्रज गृहस्थांनी रुळवली. त्याआधी शब्द कुठं तुटतो आणि वाक्य कुठं संपतं, हे वाचणाऱ्याच्या कानाला ठाऊक असावं लागे. म्हणजे ज्याला बोलणं कळतं त्यालाच वाचता येणार. या हिशेबानं मी त्या काळात निरक्षर ठरलो असतो.

अण्णांनी मग माझी शिकवणी सुरू केली. त्यांचा अधिकार होता. १९७० ते १९८०च्या दशकांत गावात पत्र आलं, की ते नुसतं देऊन भागत नसे. म्हाताऱ्या सासवा आणि तरुण सुना अंगणात बसायच्या आणि पोस्टमननं पत्र वाचायचं. घरोघरचा कर्ता पुरुष मुंबईत, गिरणीत. 'पत्रास कारण की' आलं, की सगळ्या सरसावून बसायच्या, कारण त्याआधीचे सगळे नमस्कार आणि आशीर्वाद ठरलेले. "त्या नमस्कारांवरूनच मला कळायचं," अण्णा म्हणाले, "नमस्कार लांबले, की पुढं पैसे नाहीत."

कार्डाचा कोपरा फाटलेला असला, की अण्णा वाचतच नसत. सायकल भिंतीला टेकवून आधी पाणी मागायचे. तेवढ्यावरून घरच्यांना कळायचं.

मी त्यांना विचारलं, पुस्तक कुठलं वाचू? ते म्हणाले, 'गीता प्रवचने'. मला वाटलं, वयोमानाप्रमाणे अध्यात्म आलं. पण त्यांचं कारण वेगळंच होतं. "ते पुस्तक लिहिलेलं नाही, बोललेलं आहे. तुझ्यासारख्याला बरं." आणि ते खरंच होतं. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी एकेका अध्यायावर प्रवचन दिलं आणि कैद्यांतच बसलेल्या साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं. २१ फेब्रुवारीला सुरुवात, १९ जूनला समाप्ती. मी कॉमर्सचा पदवीधर. मनातल्या मनात हिशेब केला. अठरा अध्याय, अठरा रविवार, बाकी शून्य. एवढी टॅली मी आयुष्यात पाहिली नव्हती. आम्हीही दर रविवारी एक अध्याय घ्यायचं ठरवलं.

मराठीत ही परंपराच दिसते. ज्ञानेश्वरी नेवाशाला श्रोत्यांपुढे सांगितली गेली, लिहून घेतली सच्चिदानंदबाबांनी. 'श्यामची आई'सुद्धा रात्र पहिली, रात्र दुसरी अशी गप्पांसारखीच सांगितलेली. आपल्या थोर पुस्तकांना समोर कोणीतरी बसलेलं लागतं. आणि आम्ही ती काय करतो, तर कोपऱ्यात जाऊन, दार लावून, एकटे वाचतो.

चौथ्या-पाचव्या रविवारी माझा वेग उतरला. सातव्याला अण्णांनी पहिल्यांदा मधेच थांबवून वाद घातला. विनोबांशी. विनोबांच्या वतीनं मी भांडलो. बापाशी इतका वेळ सलग बोलण्याची माझी ही पहिलीच खेप. तीही दुसऱ्याच्या मुखत्यारपत्रावर. सौ. बाहेर येऊन पाहून गेली, भांडण कसलं चाललंय म्हणून. मी म्हणालो, "काही नाही, ध्यानयोगानंतरचं आहे." ती मान हलवून आत गेली.

बाराव्या रविवारी अण्णा मधेच म्हणाले, "का रे, साने गुरुजींनी लिहून घेताना एखादं वाक्य खाल्लं असेल का?"

"का खातील?"

"पुढच्याला झेपणार नाही म्हणून."

मी पुस्तक मिटलं. मग ते सावकाश सांगू लागले. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. गावातल्या मनिऑर्डरी हळूहळू बंद होत गेल्या, पत्रं तेवढी येत राहिली. त्यात एका बाईला नवऱ्याचं पत्र आलं. संप लवकर मिटेलसं दिसत नाही, पैसे येणार नाहीत, गाय विकून टाक. गाय नुकती व्यालेली. बाई पाडसाच्या पाठीवर हात ठेवून उभी. अण्णांनी सगळं पत्र वाचलं, आणि ती गायीची ओळ तेवढी गाळली.

"मला वाटलं, पंधरा दिवसांत मिटेल संप. उगाच कशाला."

तो संप कधी मिटलाच नाही, हे आज सगळ्यांना ठाऊक आहे. पावसाळ्याअखेर गावातल्या चार घरांतून गुरं विकायला निघाली, तेव्हा गिऱ्हाईक उरलं नव्हतं. गाय गेली कवडीमोलानं. गणपतीला नवरा घरी आला आणि दुसऱ्या दिवशी ती बाई पोस्टाच्या दारात.

"तिनं एवढंच विचारलं, 'पत्रात गायीचा होता मां, अण्णानू?' मी म्हटलं, होतं. ती काही बोलली नाही. त्यानंतर पत्र घ्यायची आणि आत न्यायची. जूनमध्ये तिनं थोरल्या मुलीचं नाव शाळेत घातलं." अण्णा जरा थांबले. "त्या मुलीनं पुढं पत्रं वाचली. अडखळत वाचायची, पण सगळी वाचायची. मी कुंपणापलीकडून ऐकलंय."

मला काय बोलावं सुचेना. परिपत्रकात अशा प्रसंगासाठी मजकूर नसतो.

"आता तू," अण्णा म्हणाले, "परवा डॉक्टरांचा रिपोर्ट वाचून दाखवलास. त्यात एक ओळ खाल्लीस."

"छे हो, अण्णा."

"दुसऱ्या परिच्छेदात. तुझा श्वास चुकीच्या जागी पडला. बारा रविवार ऐकतोय मी तुला. आता कळतं."

म्हणजे शिकवणी माझीच चालली होती असं नाही.

मी कपाटातून फाइल काढली. रिपोर्ट इंग्रजीत, त्यामुळे मराठी करताना पुन्हा जुनी सवय उसळली. "दुसऱ्या डोळ्यामध्येदेखील तत्सम बदल निदर्शनास..."

"माणसासारखं," आतून सौ.चा आवाज आला. म्हणजे तीही ऐकत होती.

"अण्णा, दुसऱ्या डोळ्यालाही सुरुवात झालीय," मी म्हणालो. "आणि जेवढं गेलं तेवढं परत येणार नाही."

प्रत्येक स्वल्पविरामाला थांबलो. पंखा तेवढा चालू होता. अण्णांनी मान जराशी वळवली. हल्ली माझ्याकडे पाहायचं असलं, की ते थोडं बाजूला पाहतात. समोरचं दिसत नाही ना.

"बरं झालं वाचलंस," ते म्हणाले. "यंदा गणपतीला गावी जाऊ. घर एकदा नीट बघून घेतो. पडवीची कौलं, विहीर, सगळं. पुढच्या वर्षी गेलो तर काय दिसेल सांगता येत नाही."

मी लगेच मोबाइल उघडून कोकणच्या गाड्या पाहिल्या. काही गाळायचं नाही असं ठरलंच होतं, म्हणून दिसलं तसं सगळं वाचून दाखवलं: कुठली गाडी, कुठला डबा, प्रतीक्षायादीतला नंबर किती. शेवटच्या गाडीला तर प्रतीक्षायादीतही जागा नव्हती.

"हे मात्र न अडखळता वाचलंस," अण्णा म्हणाले. "एस.टी.चं बघ."

एस.टी. मिळाली. मधल्या सीट. अण्णांना खिडकी हवी होती, तेव्हा तेरावा अध्याय त्या भांडणातच गेला.