घासलेटची रांग

22 मार्च 2020. संध्याकाळचे पाच वाजले आणि आमच्या टॉवरच्या बाल्कन्यांमधून थाळ्या वाजायला लागल्या. आई तेव्हा ऐंशीच्या पुढे, कानाला यंत्र. तरी तिला ऐकू गेलं. पलंगावर उठून बसली आणि म्हणाली, "आज कशाचा भाव वाढला गं?"

मी सांगितलं, करोनात राबणाऱ्या डॉक्टर-नर्सबाईंसाठी वाजवतायत, पंतप्रधानांनी सांगितलंय. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "सरकारने सांगितलं म्हणून? आम्ही सरकारची झोप उडावी म्हणून वाजवायचो."

गोरेगाव पश्चिमेला, आरे रोडच्या आतल्या गल्लीत, आज आमचा टॉवर आहे त्याच जागेवर आमची एकमजली चाळ होती. 1972 साली मी नऊ वर्षांची होते. राज्यात दुष्काळ पडला होता. रेशनवर लाल मिलो यायचा. त्याची भाकरी थापताना कडेने फाटायची, आणि बाबा ताटावर बसले की एक शब्द न बोलता ती बाजूला सारायचे. रवा, साखर, डालडा, गोडं तेल सणाच्या तोंडावर दुकानातून नाहीसं व्हायचं आणि सण उलटला की चढ्या भावाने परत यायचं. माल गेला कुठे, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

घासलेटची रांग पहाटे लागायची. माणसं नव्हे, वस्तू उभ्या असायच्या: डबा, वीट, तुटकी चप्पल, एकदा तर कोणाची तरी कुंडी. वीट कोणाची ते सगळ्यांना माहीत असायचं आणि ती कोणी हलवायचं नाही. सातच्या सुमाराला विटांच्या जागी बायका येऊन उभ्या राहायच्या. बँकेतल्या कारकुनाची बायको, शिंप्याची बायको, गिरणीत जाणाऱ्याची सून, समोरच्या वाडीतल्या गुजराथी भाभी. एरवी यातल्या कोणी दुसरीच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नसतं. पण रांगेत तीन-तीन तास उभं राहिल्यावर कोणाच्या घरी किती दिवसांचं तेल उरलंय हे लपवणार कसं? आईच्या मते महागाईविरुद्धचा मोर्चा मैदानात उभा राहिलाच नाही, तो रांगेत उभा राहिला. पुढाऱ्यांनी येऊन त्याला फक्त तारीख दिली.

पुढारी तरी कसल्या! मृणाल गोरे आमच्याच गोरेगावच्या, त्याच वर्षी आमदार झालेल्या. त्याआधी महापालिकेत पाण्यासाठी त्यांनी इतकं भांडण मांडलं होतं की लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणत. त्यांच्या सोबत अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी. एक मार्क्सवादी, एक समाजवादी, एक भाकपवाली. निवडणुकीत एकमेकींच्या पक्षांची उणीदुणी काढणाऱ्या. या सगळ्यांनी मिळून महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती केली आणि हत्यार म्हणून निवडलं लाटणं. भाषण ऐकायला बाईला वेळ काढावा लागतो, लाटणं तिच्या हातातच असतं.

सभा दुपारी दोन ते चार. पाणी जाऊन नळ कोरडा झालेला, पुरुष कामावर, पोरं शाळेत. आमच्या खोलीत चटईवर बारा-पंधरा जणी बसायच्या. चहा मिळायचा नाही, कारण साखर नव्हती, आणि ते मुद्दामच सगळ्यांना सांगितलं जायचं. मग ठरलेल्या वेळी सगळ्या चाळींतून थाळ्या वाजायच्या. मोर्चाच्या दिवशी डबे भरून, भांडी घासून, पिशवीत थाळी-लाटणं घेऊन बायका लोकलने चर्चगेटला उतरायच्या. विधानभवन तेव्हा रीगलजवळच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये होतं आणि पोलीस मोर्चा काळ्या घोड्यापाशी अडवायचे. मंत्र्यांना घेराव पडायचे. दडवलेल्या मालाची गोदामं हुडकली जायची आणि तो माल रास्त भावाने विकायला लावला जायचा. हजारो बायका असायच्या. आईच्या सांगण्यात हा आकडा दर वर्षी थोडा फुगतो, मी टोकत नाही.

पण हे सगळं गोडगोड आठवू नये. आई मोर्चाहून साताला परतली की बाबा गार भात पुढ्यात घेऊन बसलेले असायचे. ओरडायचे नाहीत, ते गप्प बसणं ओरडण्याहून वाईट होतं. आणि ज्यांच्या चुलीला महागाईचा चटका सर्वात आधी बसायचा, त्या सगळ्या मोर्चात नव्हत्या. आमच्या चाळीत चार घरची भांडी घासणाऱ्या बाईंना आईने विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "वहिनी, माझा खाडा तुम्ही भरणार का?" आईकडे उत्तर नव्हतं. पन्नास वर्षांनीही नाही.

भाव उतरले का? 1973-74 साली घाऊक भाववाढ 20 टक्क्यांच्या आसपास होती, पुढच्या वर्षी त्याहून जास्त. जगात तेल भडकलं होतं, लाटण्याने ते विझणार नव्हतं. मग जून 1975 मध्ये आणीबाणी आली. मृणालताई आधी भूमिगत झाल्या, मग पकडल्या गेल्या. आईने लाटणं पोळपाटावर ठेवलं आणि बाबांनी सुटकेचा श्वास टाकला. 1977 साली मात्र मृणालताई आणि अहिल्याताई दोघी मुंबईतून लोकसभेवर गेल्या, इंदिरा गांधी रायबरेलीत पडल्या, आणि 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में' ही घोषणा आम्ही पोरं गल्लीभर ओरडत फिरलो. बाबाही हसले होते.

आता मी आईच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे गेले आहे आणि भाव काही थांबलेले नाहीत. आमच्या इमारतीत काय कमी चिडतात? ग्रुपवर टोमॅटोच्या भावावर दिवसभर विनोद फिरतात. पण प्रत्येकीची महागाई तिच्या तिच्या फोनमध्ये येते. कोणी हप्त्याखाली वाकलेली, कोणी मुलाच्या फीखाली, कोणी आईच्या औषधांखाली. शेजारणीच्या घरी काय उरलंय ते मला कळत नाही. पिशवी दहा मिनिटांत दाराशी येते, दार मिटतं.

रांग मोडली ती मात्र काही आपोआप मोडली नाही, असं मला वाटतं. आमच्या लहानपणी रेशनकार्ड सगळ्यांचं एकसारखं होतं. 1997 मध्ये केंद्राने लक्ष्याधारित रेशन आणलं आणि 1 मे 1999 पासून महाराष्ट्रात कार्ड तीन रंगांचं झालं: पिवळं, केशरी, पांढरं. वर्षाला लाखावर कमाई असेल तर पांढरं. आम्हाला पांढरं मिळालं तेव्हा बाबांनी पेढे आणले होते! गरजूंना जास्त मिळावं म्हणून केलं, हेतू वाईट म्हणणार नाही. पण ज्या दिवशी पांढरं कार्ड घेऊन कारकुनाची बायको रेशनच्या रांगेतून निघाली, त्या दिवशी रेशनच्या तांदळात खडे किती येतात याची तिला काळजी उरली नाही. आणि तिच्यामागे उरल्या त्यांचं ओरडणं मंत्रालयापर्यंत पोचेनासं झालं. त्यात नव्वदचं दशक संपता संपता मोर्चा म्हणजे आझाद मैदान असंच ठरून गेलं. कुंपणाच्या आत बसा, घोषणा द्या, रस्त्यावरच्या कोणाला कळणार नाही.

मृणालताईंच्या नावाचा गोरेगावात आता उड्डाणपूल आहे. गाड्या त्यांच्या नावावरून भुर्रकन जातात.

एकदाच मला वाटलं होतं की ते दिवस परत आले. मार्च 2018. किसान सभेचा लाँग मार्च नाशिकहून चालत निघाला होता. वनजमिनीचे हक्क मागणारे आदिवासी शेतकरी, त्यांत बायका ढीगभर. 11 तारखेला, रविवारी, तो मुलुंडच्या नाक्यावरून मुंबईत शिरला. धाकटी बहीण मुलुंडला राहते. तिची सोसायटी पार्किंगवरून सहा महिने भांडत होती, त्या दिवशी मात्र सगळे बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, जुन्या चपला घेऊन रस्त्याला आले. बहीण फोनवर रडत होती. तळव्यांची सालटी निघालेल्या बायका, डोक्यावर लाल टोप्या, आणि पुढे तर दहावीच्या मुलांचा पेपर बुडू नये म्हणून ते लोक मध्यरात्री उठून आझाद मैदानाकडे चालत गेले. मी आईला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "मग धाकटी त्यांच्याबरोबर कुठवर गेली?" कुठवर म्हणजे, नाक्यापर्यंत. घरी पाहुणे यायचे होते.

गेल्या उन्हाळ्यात आई चाकाच्या खुर्चीत संध्याकाळी खाली बसायची. गेटबाहेर गुलमोहराच्या सावलीत माल पोचवणारी पोरं मोटारसायकली लावून ऑर्डरची वाट पाहत असतात. आत सोडतात त्यांना, पण सामानाच्या लिफ्टने. आईने एकाला विचारलं, "बाळा, एका खेपेचे किती मिळतात रे?" त्याने आकडा सांगितला. मग म्हणाला, मागच्या महिन्यात जास्त मिळायचे आजी, आता कमी झाले. "मग भांडायला कोणाकडे जाता?" तो हसला. साहेब कोण ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं. दर फोनमध्ये बदलतो, एवढंच त्याला ठाऊक. बाकीचे दोघे-तिघे जवळ सरकले. प्रत्येकाने आपापला दर सांगितला आणि ते आकडे एकसारखे नव्हते. एकाने दुसऱ्याचा फोन हातात घेऊन पुन्हा पाहिला.

तेवढ्यात पहिल्याचा फोन वाजला. तो उठला, सावलीतली जागा जाऊ नये म्हणून पाण्याची बाटली कट्ट्यावर ठेवली आणि गाडीला किक मारली.

आईने माझा हात ओढला. "वीट ठेवली बघ त्याने," ती म्हणाली.