अर्ज न करता आणि अर्ज करून

मुलांनो, तुम्ही कोणत्या देशाचे नागरिक, असे कुणी विचारले तर तुम्ही झटकन् म्हणाल, "भारताचे!" पण त्यासाठी तुम्ही कधी अर्ज केला होता का? फी भरली होती का? परीक्षा दिली होती का? नाही ना! जन्मलो आणि झालो. असे फुकट मिळालेल्या गोष्टीबद्दल कुणी फारसा विचार करत नाही. मला मात्र चाळिशीत तो करावा लागला.

मी मूळचा सोनारीचा. धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा तालुक्यात आमचे गाव आहे. काळभैरवनाथाचे देऊळ आणि देवळाभोवतीची वानरे यांच्यामुळे ते लांबलांबच्या लोकांना ठाऊक आहे. चैत्रात यात्रा भरते तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. अशा गावातून मी पुण्याला गेलो, इंजिनिअर झालो आणि २०१५ साली जर्मनीत, स्टुटगार्टजवळच्या एका छोट्या गावातल्या यंत्रांच्या कारखान्यात कामाला आलो. "दोन वर्षांनी येतो परत," असे आईला सांगून निघालो होतो. दोनाची दहा कधी झाली, कळलेच नाही. मुलगी इथेच जन्मली, इथल्याच शाळेत जाऊ लागली.

आता गंमत ऐका. मुलगी जन्मली जर्मनीत, बोलते फाडफाड जर्मन, पण तिचा पासपोर्ट भारताचा! इथला १९१३ सालचा कायदा नागरिकत्व रक्ताच्या नात्याने ठरवत असे. आईबाप जर्मन असतील तर मूल जर्मन, मग ते कुठेही जन्मो. २००० सालापासून परदेशी आईबापांच्या इथे जन्मलेल्या मुलांनाही नागरिकत्व मिळू लागले, पण आई किंवा बाप आठ वर्षे इथे राहिलेला असला पाहिजे, अशी अट होती. मुलगी जन्मली तेव्हा आमची आठ वर्षे कुठली व्हायला!

२७ जून २०२४ ला नवा कायदा लागू झाला. नागरिकत्वासाठी आठऐवजी पाच वर्षांचा रहिवास पुरेसा ठरला. शिवाय पूर्वी जर्मन व्हायचे तर बहुतेकांना आपले जुने नागरिकत्व सोडावे लागे. ती अटही जर्मनीने काढून टाकली. मी सुमारे नऊ वर्षे इथे कर भरत होतो. गावात शाळा कुठे बांधायची, पूल कधी दुरुस्त करायचा, हे ठरवणाऱ्या निवडणुका डोळ्यांसमोर होत, आणि मी आपला खिडकीतून बघत बसे. मुलीचे तर सगळे आयुष्यच इथले. म्हणून मी अर्ज आणला.

आणला खरा, पण भरणे सोपे नव्हते. इथे पाच वर्षे कायदेशीर राहिल्याचा पुरावा. स्वतःच्या कमाईवर घर चालते याचा पुरावा. जर्मन भाषा 'बी-एक' पातळीपर्यंत येते याचे प्रमाणपत्र. ते मी पुण्याच्या मॅक्सम्युल्लर भवनात शिकताना मिळवले होते. (ज्यांचे नाव त्या संस्थेला आहे ते मॅक्सम्युल्लर जर्मनीत जन्मले, भारतात कधी आलेच नाहीत आणि १८५५ साली अर्ज करून ब्रिटिश नागरिक झाले! हे मला शिकताना कुणी सांगितले नव्हते.) मग जन्मदाखला, आणि त्याचे शपथ घेतलेल्या भाषांतरकाराकडून केलेले जर्मन भाषांतर. माझ्या जुन्या दाखल्यावर जिल्हा उस्मानाबाद, नव्या प्रतीवर धाराशिव. टेबलापलीकडच्या बाई दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून म्हणाल्या, "आपण दोन ठिकाणी जन्मलात का?" जिल्ह्याचे नाव २०२३ साली बदलले, हे पटवून द्यायला अर्धा तास गेला.

नावाची तर वेगळीच कथा. आपल्याकडे आपल्या नावापुढे वडिलांचे नाव येते. जर्मन लोकांत ही रीतच नाही. पासपोर्टवर दोन्ही नावे एकाच रकान्यात, त्यामुळे सगळे मला दोन नावांचा माणूस समजतात. एकदा एका दवाखान्याचे पत्र आले, त्यावर फक्त वडिलांचे नाव आणि आमचे आडनाव. म्हणजे जन्मभर सोनारी न सोडलेल्या माझ्या वडिलांना दात तपासायला जर्मनीत बोलावले होते! नागरिक झाल्यावर हे मधले नाव गाळून टाकण्याची सोय इथल्या कायद्यात आहे. मी ते गाळले नाही. येऊ देत पत्रे.

आणि परीक्षा! ३३ प्रश्न, एक तास वेळ, १७ बरोबर आले की पास. एकंदर ३१० प्रश्नांतून हे निवडतात, आणि ते सगळेच्या सगळे आधी छापून जाहीर केलेले असतात. म्हणजे पेपर फुटलेला, तोही सरकारनेच फोडलेला! जर्मनीत राज्ये किती? सोळा. सरकारविरुद्ध उघड बोलता का येते? कारण मतस्वातंत्र्य आहे. आमच्या बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याच्या चिन्हावर काय आहे? सोनेरी ढालीवर तीन काळे सिंह. सोळा वर्षांखालच्या मुलांना ही परीक्षा नसते, म्हणून आमच्या कन्यारत्नाने मास्तरीण व्हायचे ठरवले. रोज जेवताना ती प्रश्न विचारी आणि चुकले की पोळीला हात लावू देत नसे. मला ३२ मिळाले. राहिलेला एक कोणता, यावर घरात अजून वाद आहे.

हे सगळे कागदाचे काम. अवघड गोष्ट पुढेच होती.

जर्मनीने जुने नागरिकत्व सोडायची अट काढली, पण भारताची अट कायम आहे. आपल्या राज्यघटनेचे नववे कलम आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा सांगतो, की भारतीय माणसाने स्वखुशीने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की त्याचे भारतीय नागरिकत्व त्या क्षणी संपते. राजीनामा द्यावा लागत नाही, आपोआपच संपते. मग पासपोर्ट वकिलातीत जमा करायचा. त्याऐवजी 'ओसीआय' नावाचे कार्ड मिळते. त्यावर जन्मभर भारतात येता-जाता येते, राहता येते. पण मतदान करता येत नाही, निवडणुकीला उभे राहता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली मात्र ठेवता येते.

मी गावी फोन केला. वडिलांनी सगळे ऐकून घेतले आणि बराच वेळ गप्प राहिले. आमची तीन एकर जमीन आहे. शेजारचा विहिरीचा तुकडा कधी तरी मी घेईन, हे त्यांच्या मनात किती वर्षांपासून होते. शेवटी एवढेच म्हणाले, "मंजी ती हीर तू काय घेत नाहीस आता." मी सांगितले, की पाच वर्षे ओसीआय राहून आणि एक वर्ष भारतात राहून पुन्हा भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो, तो रस्ता बंद नाही. ते म्हणाले, "बघू." आमच्या वडिलांचे 'बघू' म्हणजे काय, ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. माझ्या पत्नीने तर अर्ज केलाच नाही. "मला माझं मत तिकडंच टाकायचंय," म्हणाली. मुलीच्या अर्जावर मात्र आम्ही दोघांनी सह्या केल्या. माझी फी २५५ युरो, तिची ५१.

फोन मग आजोबांकडे गेला. त्यांचे वय त्र्याण्णव. मला वाटले, आता बोलणी खावी लागणार. पण ते हसले! म्हणाले, "आरं, तू निदान अर्ज तरी लिहितोस. आमचं तर गावच्या गाव दुसऱ्या राजवटीत गेलं. कुणी अर्ज लिहिला न्हाई अन् कुणी इचारलं न्हाई."

त्याचे असे आहे. आजोबा जन्मले ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात. बार्शी इंग्रजांची, परंडा निजामाचा. मधे सीमा, सीमेवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. बार्शीच्या बाजारात जायचे तर नाणीसुद्धा वेगळी. इकडे निजामाचा हाली शिक्का, तिकडे इंग्रजांचा कलदार रुपया. सात हाली द्या, तेव्हा साधारण सहा कलदार मिळत. निजामाच्या सरकारी नोकरीसाठी 'मुल्की' म्हणजे त्या मुलखातलाच माणूस लागे. बाहेरून आलेल्याला मुल्की व्हायचे तर पंधरा वर्षे तिथे राहावे लागे आणि जुन्या गावी परत जाण्याचा विचार सोडला, असे लिहून द्यावे लागे. जर्मनीची पाच वर्षे मला त्यामानाने बरीच वाटली!

भारत १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, पण सोनारी नाही झाली. रझाकारांच्या भीतीने कितीतरी लोक सीमा ओलांडून बार्शीकडे गेले. १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला. आजोबा तेव्हा सोळा वर्षांचे होते. पुढे २६ नोव्हेंबर १९४९ ला राज्यघटना मंजूर झाली, तेव्हा बाकीची बहुतेक कलमे २६ जानेवारीची वाट पाहत थांबली, पण नागरिकत्वाची कलमे त्याच दिवशी लागू झाली. पुढे १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. म्हणजे आजोबा निजामाचे रयत, मग भारताचे नागरिक, मग मुंबई राज्याचे, मग महाराष्ट्राचे रहिवासी. आणि एवढे सगळे होताना ते आमच्या वाड्याच्या ओट्यावरच बसलेले!

कारखान्यात माझ्या शेजारी काम करणारा एक सहकारी लाइपझिगचा, म्हणजे जुन्या पूर्व जर्मनीतला. त्याला मी हे सांगितले तर त्याने हातातला पाना खाली ठेवला. त्याचेही तेच झालेले. १ जुलै १९९० ला त्यांचे चलन बदलले आणि ३ ऑक्टोबर १९९० ला त्यांचा देशच संपून दोन्ही जर्मनी एक झाल्या. तेव्हा तो तिसरीत होता. त्याने विचारले, "आजोबांनी जुन्या नाण्यांचं काय केलं?" मी आजोबांना विचारले. आजीच्या गाठोड्यात दोन हाली रुपये अजून आहेत. त्याच्याकडे पूर्व जर्मनीची तीन नाणी निघाली. आता दोघांचा निरोपांचा धंदा माझ्यामार्फत चालतो.

आमच्या राज्यातलाच उल्म गावी जन्मलेला एक मुलगा तर याच्या उलट वागला होता. त्याने सोळाव्या वर्षी, १८९६ साली, आपले इथले नागरिकत्व सोडले. पाच वर्षे तो कोणत्याच देशाचा नव्हता. १९०१ साली स्वित्झर्लंडचा नागरिक झाला. त्याचे नाव आल्बर्ट आइनस्टाइन!

अर्ज दिल्यापासून उत्तर यायला सोळा महिने लागले. नोव्हेंबर २०२५ मध्ये मला आणि मुलीला कचेरीत बोलावले. इथली राज्यघटना आणि कायदे पाळीन, देशाचे नुकसान होईल असे काही करणार नाही, असे मी उभे राहून मोठ्याने म्हटले. बाईंनी प्रमाणपत्र हातात दिले. घड्याळात दहा वाजून वीस मिनिटे झाली होती. का कोण जाणे, पण मी घड्याळ बघितले. घशाशी काही तरी आले. मुलीने माझा हात घट्ट धरला होता.

जर्मन पासपोर्टवर जन्मस्थानाचा रकाना असतो. माझ्यावर 'सोनारी' छापले आहे. मुलीच्या पासपोर्टवर स्टुटगार्ट. तिला ते अजिबात आवडले नाही, कारण वानरे सोनारीत आहेत, स्टुटगार्टात नाहीत. माझा जुना पासपोर्ट रद्द झाल्याचा शिक्का मारून परत मिळाला. ओसीआय कार्डांसाठी दोघांचे अर्ज गेले आहेत. चैत्रातल्या यात्रेआधी ती आली नाहीत, तर सोनारीला जायला मला व्हिसा काढावा लागेल. आजोबांना हे सांगितले, तर ते म्हणाले, "करोडगिरीच्या नाक्यावर एवढं कधी इचारलं न्हाई," आणि मुलीला विचारू लागले, की शेंगदाणे भाजके आणून ठेवू का कच्चे.