आमच्या माशांचा हिवाळा

माझं माहेर साताऱ्याचं. तिथे दिवाळी जवळ आली की आई गोधड्या उन्हात घालायची, ट्रंकेतले स्वेटर बाहेर काढायची. लग्न होऊन मी तंजावूरला आले, त्या वर्षी दिवाळीच्या पहाटे अंगणात पणत्या लावायला गेले, तर पावसाच्या झडीत एकही पणती टिकेना. सासूबाई हसून म्हणाल्या, "अगं, आमचा हिवाळा छत्री घेऊन येतो."

आमचं घराणं व्यंकोजीराजांच्या मागून इथे आलेल्यांपैकी. मराठ्यांचं राज्य १८५५ साली संपलं, पण घरातली मराठी राहिली, तमिळ हेल घेऊन. माझे सासरे, अण्णा, माझ्या मराठीला 'पुस्तकातली' म्हणायचे. मला त्यांची मराठी अर्धी कळायची, अर्धी अंदाजाने. त्यामुळे आमचं बोलणं 'जेवायला वाढलंय' आणि 'औषध घेतलंत का' एवढ्यावरच थांबायचं. सासूबाई गेल्यानंतर तर तेही कमी झालं.

अण्णांना काहीतरी विरंगुळा हवा, म्हणून माझ्या यजमानांनी २०१३ साली परसातला जुना बांधीव हौद दुरुस्त करून घेतला. सात हजार लिटर पाण्याचा, सव्वा मीटर खोल. पंप आणि फिल्टर बसवला आणि नऊ कोई मासे आणले. कोई म्हणजे आंब्याची कोय नव्हे! जपानमधल्या निईगाता भागातल्या शेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात साध्या कार्प माशांपासून निपजवलेले हे रंगीत मासे. अण्णा सुरुवातीला म्हणाले, "खायचे नाहीत, तर पाळायचे कशाला?" पण आठवड्याभरात त्यांची खुर्ची हौदाकाठी गेली.

पहिलाच हिवाळा आला आणि आमच्या हातून मोठी चूक झाली. माझे दीर कॅनडात असतात. त्यांच्या शेजाऱ्यांकडे असाच तलाव आहे. दिरांनी फोनवर मोठ्या आस्थेने सगळं समजावलं : नोव्हेंबर लागला की खाणं बंद करायचं, पंप काढून ठेवायचा, वर जाळी किंवा आच्छादन घालायचं, मासे तळाशी स्वस्थ पडून राहतात. आम्ही अक्षर न् अक्षर पाळलं. पाऊस नको म्हणून हौदावर निळी ताडपत्री घट्ट बांधली. तिसऱ्या पहाटे अण्णांनी मला हाक मारली. दोन मासे उलटे तरंगत होते आणि बाकीचे पाण्यावर तोंड काढून धापा टाकत होते. अण्णा काही बोलले नाहीत. ताडपत्री ओढून बाजूला केली आणि बादलीने उंचावरून पाणी ओतू लागले.

नंतर वाचून समजलं, ते असं. पाणी १० अंशांच्या खाली गेलं की माशांचं शरीर मंदावतं. त्यांना अन्न लागत नाही, प्राणवायूही थोडा पुरतो. शिवाय थंड पाण्यात तो अधिक विरघळतो : १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम, तर २८ अंशांना आठाहूनही कमी. तंजावुरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्रीही पारा २० अंशांच्या आसपास असतो. म्हणजे आमचे मासे टक्क जागे होते, त्यांना भूक होती, श्वास हवा होता. आणि आम्ही मात्र त्यांना बर्फाखाली झोपवायला निघालो होतो! दिरांचं काही चुकलं नव्हतं. त्यांचा हिवाळा आमचा नव्हता, एवढंच.

तेव्हापासून तयारी आमच्या हिवाळ्याची. वर्षाचा सुमारे निम्मा पाऊस इथे ऑक्टोबर ते डिसेंबरात पडतो. म्हणून सप्टेंबरअखेर तळाचा गाळ उपसायचा, पण सगळं पाणी एकदम बदलायचं नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन कल्ल्यांना जाळतं, म्हणून ते पिंपात दोन दिवस उघडं ठेवून मगच घालायचं. हौद भरून वाहिला तर मासे गटारात जातात, म्हणून सांडव्याच्या तोंडाला जाळी. कडुनिंबाचा पाला कुजू नये आणि खंड्या, बगळे, दिवड यांना वाट मिळू नये म्हणून वरूनही जाळीच, ताडपत्री कधीच नाही. विजेची वायर जमिनीपासून उंच.

पावसाचं पाणी फार हलकं असतं. झड लागली की हौदातल्या पाण्याचा क्षार विरतो आणि आम्लता एकाएकी वाढते. त्यासाठी फिल्टरमध्ये शिंपल्यांचा चुरा ठेवायचा. तपासणीत क्षार कमी आढळला, तर हजार लिटरमागे ३० ग्रॅमच्या हिशोबाने खाण्याचा सोडा विरघळवून थोडा थोडा घालायचा. आणि आभाळ भरून आलं की खाणं कमी करायचं. ऊन नसलं की पाण्यातलं शेवाळ दिवसा प्राणवायू पुरेसा करत नाही, रात्री मात्र स्वतः वापरतं. म्हणून संकट नेहमी पहाटे येतं. अण्णा रोज पाच वाजता कंदील घेऊन हौदाकाठी जायचे, ते त्यासाठीच.

१६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे गजा चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्याला लागलं. आमच्या जिल्ह्यात लाखो माड आडवे झाले. आमच्या परसात एकच पडला, हौदापासून दोन हातांवर. वीज गेली, ती आमच्या गल्लीत पाच दिवस आली नाही. बॅटरीवरचा हवेचा पंप दुपारपर्यंत चालला. मग अण्णांनी पितळेची कळशी घेतली. ते तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. मी कळशी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि म्हटलं, "अण्णा, तुम्ही फक्त वेळ सांगा." दिवसा यजमान आणि मुलगा, रात्री मी. दर वीस मिनिटांनी पन्नास कळशा, उंचावरून.

त्या पाच रात्री अण्णा खुर्चीवर बसून बोलत राहिले. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हाचं, लहानपणी शिवगंगा तळ्यावर जायचे तेव्हाचं. न कळलेला शब्द मी विचारायची, ते सावकाश समजावायचे. सहाव्या दिवशी वीज आली, तेव्हा सातच्या सात मासे जिवंत होते. आणि अठरा वर्षांच्या संसारानंतर मला सासऱ्यांची मराठी कळू लागली होती.

अण्णा २०२२ साली गेले. त्यांची एक वही माझ्याकडे आहे. तारीख, पाऊस, आणि पुढे एकच ओळ : 'मासे खाली आहेत.' म्हणजे पहाटे वर येऊन धापा टाकत नाहीत, सगळं ठीक आहे.

परवा दिरांचा फोन आला. तिकडे पहिलं बर्फ पडलं होतं. "वहिनी, मासे काय म्हणतात?" मी खिडकीतून पाहिलं. बाहेर झड लागली होती, पंपाची धार चालू होती. म्हटलं, "भाऊजी, मासे खाली आहेत." फोन ठेवला आणि तेच वहीत, अण्णांच्या शेवटच्या ओळीनंतर मी चालवलेल्या पानावर लिहिलं.