गोसाईंकुंडाच्या वाटेवरील सुनपाती
नेपाळच्या रसुवा जिल्ह्यात ४,३८० मीटर उंचीवरील गोसाईंकुंडाकडे चढताना मोठे वृक्ष मागे राहतात आणि उतारांवर सुनपाती दिसू लागते. ऱ्होडोडेंड्रॉनच्या जातीतील हे सदाहरित झुडूप जेमतेम मीटरभर वाढते. बोचरा वारा व बर्फाचा भार सोसण्यास त्याचा बुटकेपणाच उपयोगी पडतो. पानांच्या खालच्या बाजूस तपकिरी खवल्यांचा दाट थर असतो; पान चुरगळताच सुवास दरवळतो. फुले फिकट पिवळी किंवा गुलाबी छटेची असतात. वाळलेली पाने धूपासाठी वापरतात, पानाफुलांपासून तेलही काढतात. म्हणून सुनपातीला बाजार आहे. मात्र थंडीत तिची वाढ फार मंद असते. बेताने खुडल्यास झुडूप पुन्हा पालवते. मुळासकट उपटल्यास उतार उघडा पडतो. व्याजावर निर्वाह करावा, मुद्दल राखावे, हा पेढीचा नियम तेथेही खरा ठरतो.