एकदाच ऐकू येणारी इंग्रजी

आयेल्ट्स या परीक्षेतील श्रवणाचा भाग सुमारे तीस मिनिटांचा असतो. चार ध्वनिमुद्रणे, चाळीस प्रश्न, आणि प्रत्येक ध्वनिमुद्रण एकदाच. साहित्याच्या अभ्यासकाला ही अट काहीशी क्रूर वाटावी, कारण भाषेशी असलेला आपला सारा व्यवहार पुनर्वाचनाचा. इंग्रजीशी तर विशेषच. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्या पोसल्या, त्यांनी इंग्रजी वाक्य मराठीत आणले, मराठी वाक्य इंग्रजीत नेले. पण ते वाक्य कुणाच्या तोंडून कोणत्या वेगाने बाहेर पडते, हा त्या पाठमालेचा विषय नव्हता. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासूनच इंग्रजी आले, तरी पुस्तक उघडल्यावर सुरू होणारी आणि मिटल्यावर संपणारी भाषा हे तिचे रूप फारसे बदलले नाही. इंग्रजी आपण डोळ्यांनी शिकलो. कान रिकामेच राहिले.

हे सारे नव्याने विचारात घ्यावे लागले ते पळस्प्यात. माझ्या शेजारची एक मुलगी पनवेलच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. तिला ब्रिटनला जायचे आहे. तेथील नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल श्रवण, वाचन आणि संभाषण या तिन्हींत सात गुण मागते आणि लेखनात साडेसहा. मी महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकवतो, या एवढ्याच भांडवलावर तिच्या वडिलांनी तिला माझ्याकडे धाडले. आठवड्यातून दोन संध्याकाळी, चार महिने. पळस्पे फाटा म्हणजे गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गाचा आरंभ. न्हावा-शेव्याच्या बंदराकडची कंटेनरची वाहतूक रात्रंदिवस चालू. खिडक्या लावून घेतल्या तरी ब्रेकचे कर्कश आवाज ध्वनिमुद्रणातल्या ऑस्ट्रेलियन बाईंच्या बोलण्यात मिसळतच. (परीक्षेत ब्रिटिश, अमेरिकन, ऑस्ट्रेलियन असे नाना तऱ्हेचे उच्चार मुद्दाम योजलेले असतात, आमच्याकडे त्यात ट्रकची भर.)

श्रवणाच्या पहिल्या भागात बहुधा एखादा अर्ज भरायचा असतो: नावाचे एकेक अक्षर, पत्ता, दूरध्वनी क्रमांक, रक्कम. भल्याभल्यांना फिफ्टीन आणि फिफ्टी यांतला फरक येथे नडतो, कारण तो फरक मुख्यतः आघातात असतो आणि मराठीत आघाताने अर्थ बदलत नाही. शिवाय आपण ‘पंचवीस’ म्हणतो तेव्हा पाच आधी येतो, वीस मागून, इंग्रजीत उलटे. पण तिला हा भाग मुळीच जड गेला नाही. मी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, “सर, रात्रपाळीत डॉक्टर फोनवर डोस सांगतात तो एकदाच सांगतात. आम्ही तो लिहून घेऊन परत वाचून दाखवतो. पंधरा म्हणायचं असेल तर वन फाइव्ह म्हणतो, पन्नास असेल तर फाइव्ह झीरो.” एकदाच ऐकण्याची जी शिस्त वाङ्मयाच्या वर्गात कधी लागली नाही, ती वॉर्डात लागली होती. तेथे चुकीच्या ऐकण्याचा परिणाम गुणपत्रिकेवर होत नसतो.

उच्चारांविषयी मात्र तिच्या मनात धास्ती होती, आणि या धास्तीचे मूळ इंग्रजीत नव्हते. ती आगरी घरातली. घरात पाण्याचे ‘पानी’, डोळ्याचा ‘डोला’ आणि पळस्प्याचे ‘पलस्पे’ होते. शाळेत याच ‘न’ आणि ‘ल’साठी तिला वर्गासमोर उभे केले जाई, मुले हसत. त्यामुळे उच्चाराची परीक्षा म्हणजे पुन्हा एकदा ते हसणे, असे तिने गृहीत धरले होते. वास्तविक या परीक्षेत संभाषणाला चार निकषांवर गुण मिळतात: ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार, चौघांचा वाटा सारखा. उच्चारातही ढब परकी आहे म्हणून गुण कापायचे नसतात. बोलणे ऐकणाऱ्याला सायास न पडता कळले पाहिजे, एवढीच अपेक्षा असते. हे तिला सांगताना मला मराठीच्या आपल्या वर्गांची आठवण होऊन संकोच वाटला. ‘आनि-पानी’ म्हणणाऱ्याचे म्हणणे पुरते कळत असूनही आपण त्याला अशुद्ध ठरवत आलो. परक्या भाषेची परीक्षा या बाबतीत आपल्या मातृभाषेच्या शिक्षकांहून उदार निघावी!

आणि गंमत पुढेच आहे. इंग्रजीतले ‘व’चे दोन उच्चार मराठी माणसाला बहुधा एकच वाटतात. लिहिताना आपण ‘व्हाइन’ आणि ‘वाइन’ असा भेद काटेकोरपणे राखतो, ‘व्हिसा’ आणि ‘विंडो’ वेगळे लिहितो. पण दात खालच्या ओठावर टेकवायचे की ओठांचा नुसता चंबू करायचा, हे त्या ‘ह’ला सांगता येत नाही. एकाच मराठीत वाढलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना हा भेद तोंडात बसवायला महिनोन्‌महिने लागताना मी पाहिले आहे. तिला आठ दिवस लागले. घरात एक तोंड आणि शाळेत दुसरे, हे ती सहाव्या वर्षापासून करत आली होती. ‘न’ आणि ‘ण’ यांत तिचा घोटाळा कधीच नव्हता; कोठे कोणता वापरायचा ते ती ठरवत असे. तिसरे तोंड तिला जड नव्हते.

संभाषणाची तयारी करताना मला वारंवार आनंदीबाई जोशी आठवत. जन्म १८६५चा, गाव कल्याण, म्हणजे आमच्याच परिसरातले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, अठरावे वर्ष पुरे होण्याआधी, त्यांनी बंगालमधील श्रीरामपूरच्या कॉलेजात इंग्रजीतून जाहीर भाषण केले. अमेरिकेला का जाता, येथे शिकण्याची सोय नाही काय, एकट्या का जाता, परतल्यावर वाळीत टाकले तर काय, असे लोकांचेच प्रश्न घेऊन त्यांनी एकेकाला उत्तर दिले. त्याहून अवघड तोंडी परीक्षा कोणती असेल? त्या भाषणाचा मजकूर आज वाचता येतो. त्याचा आवाज कसा होता, ‘व’ कोणता होता, ते कायमचे गेले. आज परीक्षकासमोरची अकरा ते चौदा मिनिटे ध्वनिमुद्रित होतात.

त्या मिनिटांतला मधला भाग सर्वांत कठीण. हाती एक विषयपत्र देतात, विचाराला एक मिनिट, मग दोन मिनिटांपर्यंत एकट्याने बोलायचे. सरावासाठी मी तिला विषय दिला: बदललेले एखादे ठिकाण. तिने एका शिकवणीवर्गात पाठ केलेले उत्तर म्हणून दाखवले. त्यात एक शॉपिंग मॉल होता, काळाच्या ओघाविषयी एक भरजरी वाक्य होते, आणि ती स्वतः कोठेच नव्हती. मी म्हटले, तुला खरेच ठाऊक असलेले ठिकाण सांग. बराच वेळ गप्प राहून तिने मामाचे गाव निवडले: कोंबडभुजे. नवी मुंबईच्या विमानतळासाठी जी दहा गावे उठली त्यांतले एक. उलव्याची टेकडी सुरुंग लावून सपाट केली, नदीचा प्रवाह वळवला. २०१८ साली पायाभरणी झाली आणि २५ डिसेंबर २०२५ रोजी तेथून प्रवासी विमाने उडू लागली.

अडचण पहिल्याच शब्दापाशी आली. ‘मामाचे गाव’ याला इंग्रजीत काय म्हणावे? आईच्या भावाचे गाव म्हटले की सुट्टी, लाड, आजी, सारे निघून जाते आणि उरतो पत्ता. शब्द अडला तर त्याच्या भोवतीने सांगत जाणे, याला परीक्षेत मानच आहे. म्हणून ती सांगू लागली की आमच्याकडे मूल सुट्टीत आईच्या माहेरी जाते आणि तेथे त्याला कुणी रागावत नाही. मिठागर जमले, खाडी जमली. साडेबावीस टक्के विकसित जमिनीचा मोबदला दोन मिनिटांत समजावणे अशक्य, तो तिने सोडून दिला, योग्यच केले. मग ‘माझ्या मामाचे गाव टेकडीपाशी आहे’ असे वर्तमानकाळी वाक्य बोलून ती थांबली. टेकडी नाही, गाव नाही, मामा आहे. काळ कोणता वापरायचा?

गुणांकनाच्या कोष्टकात थांबण्याचेही प्रकार केलेले आहेत. शब्द शोधण्यासाठी थांबणे वेगळे, आशयासाठी थांबणे वेगळे. आठच्या पायरीवरचा माणूस थांबलाच तर बहुधा दुसऱ्या कारणाने थांबतो. समीक्षेच्या कोणत्याही ग्रंथात शोभेल असा हा भेद आहे. परंतु बाहेरून दोन्ही शांतता सारख्याच ऐकू येतात, आणि समोरच्या परीक्षकाला कोंबडभुजे ठाऊक असण्याचे कारण नाही. मी तिला एवढेच सुचवले की थांबण्याचे कारणही बोलून टाकावे: कोणता काळ वापरावा हे मला कळत नाही, कारण माणसे आहेत आणि जागा नाही. ते वाक्य तिने एकदाही न अडखळता म्हटले.

प्रत्यक्ष परीक्षेत विषय निघाला तो कुणाकडून तरी मिळालेल्या भेटवस्तूचा. निकाल पंधरवड्यापूर्वी लागला. श्रवणात साडेआठ, वाचनात सात, संभाषणात सात. लेखनात सहा, अर्धा गुण कमी पडला. परवापासून निबंधाची वही घेऊन ती पुन्हा येऊ लागली आहे.