धीर धर!

मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. मळ्यातल्या विहिरीत काका मला पोहायला शिकवीत असत. पाठीला वाळलेला भोपळा बांधायचा आणि पाण्यात उतरायचे, असा आमचा क्रम होता. एके दिवशी दोरी सुटली. भोपळा एकीकडे गेला आणि मी दुसरीकडे! नाकातोंडात पाणी शिरले. मी जसजसे हातपाय झाडू लागलो, तसतसा अधिकच खाली जाऊ लागलो. तोच काठावरून शांत, ठाम आवाज आला, "धीर धर! हात झाडू नकोस. डावीकडे कपार आहे, ती धर." काकांनी उडी टाकली आणि ते माझ्यापाशी पोहोचले, तेव्हा माझी बोटे दगडाला घट्ट चिकटलेली होती.

रात्री अंथरुणात पडल्यावर मला प्रश्न पडला. कपार हाताला लागते, म्हणून ती धरता येते. पण धीर कसा धरायचा?

दुसऱ्या दिवशी मी संस्कृतच्या गुरुजींना विचारले. त्यांनी फळ्यावर 'धृ' हा धातू लिहिला. धृ म्हणजे धारण करणे. आपले 'धरणे' हे क्रियापद त्याच्यापासूनच आले; 'आधार' आणि 'धरण' हे शब्दही त्याच कुळातले. 'धीर' शब्दही कित्येक जण तेथूनच आला असे मानतात. म्हणजे 'धीर धर' म्हणताना आपण एकच गोष्ट दोनदा सांगतो! परंतु संस्कृतात 'धीर' म्हणजे शहाणा असाही अर्थ आहे, आणि त्याचे नाते 'धी' म्हणजे बुद्धी या शब्दाशी जोडतात. यांतले खरे कूळ कोणते, हा वाद पंडितांचा. मला दोन्ही हवीशी वाटतात. कपार मी हाताने धरली खरी. पण ती दिसली, ती हातपाय झाडणे थांबवल्यावर.

मराठीत धीर धरतात, तो सुटतो, खचतो, आणि नवल असे की तो दुसऱ्याला देताही येतो.

धरणावरून पुण्याची एक हकिकत आठवते. १९६१ च्या जुलैत पानशेतचे नवे धरण खचू लागले. लष्कराच्या जवानांनी भर पावसात, रात्रीच्या अंधारात वाळूची पोती रचून ते थोपवून धरले. १२ जुलैला सकाळी धरण अखेर फुटलेच. त्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे धरणही फुटले आणि मुठेच्या पुराने पुण्याची फार मोठी हानी केली. पण जवानांनी मिळवून दिलेल्या त्या काही तासांमुळे पाणी शहरात शिरले, ते दिवसाउजेडी. लोक झोपेत नव्हते.

पुढे एकदा मी काकांना विचारले, "त्या दिवशी तुम्हांला भीती वाटली नव्हती का?"

"वाटली तर!" काका म्हणाले. "उडी टाकताना डोळ्यांवरचा चष्मा काढायचेही सुचले नाही मला."

तो चष्मा अजून विहिरीच्या तळाशीच असेल.